विश्लेषण : जुन्या चर्चच्या भिंती ढासळल्या, तरी श्रद्धा कशी टिकते?

मे महिन्याची अखेर आली, की वसईपासून गोव्यापर्यंत जुन्या चर्चच्या आवारात एकच लगबग दिसते. कौले उतरवून पुन्हा लावायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, मनोऱ्याच्या भेगा पहिल्या पावसाआधी बुजवायच्या. त्यासाठी रविवारच्या उपासनेनंतर पावतीपुस्तके फिरतात, सणाच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढली जाते. काही ठिकाणी खर्चाचा आकडा लोकांच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो आणि बाकांवरची डोकी मात्र दरवर्षी कमी होत असतात. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. इमारत वाचवण्यातच सारी शक्ती गेली, तर माणसांच्या वाट्याला काय उरते? आणि इमारतच उरली नाही, तर श्रद्धा उरते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र आणि गोव्याच्या इतिहासाने अनेकदा दिले आहे. पहिल्याचे उत्तर मात्र आजच्या ख्रिस्ती समाजाला द्यायचे आहे.

जुनी चर्च सांभाळणे इतके कठीण का?

पोर्तुगीजकालीन चर्च जांभा, चुना आणि सागवान यांची आहेत. जांभा पाणी शोषतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा असे. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकते. स्वस्तात काम उरकण्यासाठी तिच्यावर सिमेंट थापले, की ओल आतच कोंडते आणि काही वर्षांत भिंत पोखरली जाते. चुना मळणारे गवंडी आणि जुन्या पद्धतीने छत जोडणारे सुतार आता कमी राहिले आहेत. त्यात इमारत वारसा यादीत असेल तर प्रत्येक दुरुस्तीला परवानगी लागते. मुंबईत असे नियम १९९५ पासून लागू आहेत. ते आवश्यकच आहेत, पण त्यामुळे कामाचा वेळ आणि खर्च वाढतो हेही खरे.

दुसरी अडचण माणसांची. कुलाब्याचे ‘अफगाण चर्च’ हे याचे ठळक उदाहरण. पहिल्या अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे अर्पण १८५८ मध्ये झाले. सुमारे ६० मीटर उंचीचा त्याचा मनोरा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून दिसे. ते बांधले गेले छावणीतल्या इंग्रज सैनिकांसाठी. इंग्रज गेले, छावणीतला उपासकवर्ग गेला, भव्य वास्तू मागे राहिली. अलीकडे तिचे जतनाचे काम झाले, पण एवढा भार रविवारी तिथे जमणाऱ्या थोड्या लोकांनी एकट्याने उचलावा अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. थंड हवेच्या ठिकाणी आणि जुन्या छावण्यांत अशी लहानमोठी चर्च आजही आहेत. ज्यांच्यासाठी ती बांधली ते निघून गेले आणि ज्यांच्या हाती ती आली त्यांची संख्या व मिळकत तुटपुंजी आहे.

हा प्रश्न केवळ भारतातला नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च आहेत आणि त्यातील १२ हजारांहून अधिक वारसा यादीत आहेत. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट शहरातल्या जुन्या डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान थाटले गेले आहे. ओस पडलेल्या चर्चचे काय करायचे, या प्रश्नावर व्हॅटिकनने २०१८ मध्ये खास परिषद घेतली होती.

‘चर्च’ म्हणजे इमारत की माणसे?

या गोंधळाचे मूळ शब्दातच आहे. नव्या करारात ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ बोलावून एकत्र आलेली सभा. त्यातूनच पोर्तुगीजांचा ‘इग्रेजा’ आला आणि त्यावरून गोवा-कोकणातला ‘इगर्जी’. म्हणजे मूळचा माणसांचा शब्द प्रवास करता करता भिंतींचा झाला. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती मात्र आजही आपल्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात आणि कॅथलिक परंपरेत ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द आहे. या दोन्ही शब्दांत विटा-कौलांचा मागमूस नाही. मूळ अर्थाच्या अगदी जवळ जाणारे हे शब्द रोजच्या वापरात असल्याने त्यांचे मोल सहसा लक्षात येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक मुख्यतः घरांमध्ये जमत. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातले उपासनास्थळ म्हणजे एक साधे राहते घर होते. भिंत पाडून खोली मोठी केलेली, बाप्तिस्म्यासाठी वेगळी जागा आणि भिंतींवर चित्रे, एवढाच त्यात बदल. भव्य चर्च उभी राहू लागली ती चौथ्या शतकात रोमन सम्राटांचा आश्रय मिळाल्यावर. या धर्माचा सर्वांत कठीण काळ त्याने स्वतःच्या इमारतीशिवाय, उसन्या ओसरीवर काढला आहे.

१७३९ नंतर वसईत काय उरले?

याचे सर्वांत जवळचे उदाहरण वसईचे आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात कॅथेड्रलसह फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांची चर्च आणि मठ उभे राहिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली. तिच्याबरोबर सरदार, सैनिक आणि बहुतेक परदेशी धर्मगुरूही गेले. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, वाईजवळच्या मेणवलीतली आणि भीमाशंकरची घंटा वसईच्या मोहिमेतली असल्याची परंपरा आहे. किल्ल्यातल्या चर्चची छपरे कोसळली, भिंतींवर वड-पिंपळ उगवले. आज तिथे येणारे पर्यटक विवाहाआधीची छायाचित्रे काढून परत जातात.

सत्तेच्या आधाराने आलेला धर्म सत्तेबरोबरच जाईल, असा तर्क त्या वेळी कोणी केला असता तर तो चुकीचा वाटला नसता. प्रत्यक्षात तसे झाले नाही. किल्ल्याबाहेरच्या वाड्यांत राहणारे शेतकरी, बागायतदार, कोळी आणि कारागीर जागचे हलले नाहीत. सामवेदी, वाडवळी, कोळी बोलीतून प्रार्थना सुरू राहिली. गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी हा भाग सांभाळला. धर्मगुरू रोज हाताशी नसे तिथे घरातली वडीलधारी माणसे संध्याकाळी जपमाळ म्हणत आणि वाडीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस हेच जमण्याचे ठिकाण होई. रमेदी, सांडोर, पापडी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी येथील धर्मग्राम आज गजबजलेले आहेत. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. किल्ल्यातले कॅथेड्रल ओस पडल्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याच मातीत बिशपांचे आसन आले. मधल्या काळात श्रद्धा जिवंत ठेवण्याचे श्रेय दगडांना देता येणार नाही.

साथीने गाव उठले, तेव्हा चर्चचे काय झाले?

अंधेरीच्या ‘सीप्झ’मध्ये रोज हजारो लोक संगणक आणि दागिन्यांच्या उद्योगांत कामाला जातात. त्याच कुंपणाच्या आत बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाचे, जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेले चर्च पडक्या अवस्थेत आहे, हे त्यातील अनेकांना ठाऊक नसते. १८४० च्या सुमारास आलेल्या साथीने या भागातली वस्ती उठली. लोक मरोळला गेले आणि जाताना चर्चमधल्या वस्तूही त्यांनी नेल्या. मरोळला नवे चर्च झाले, जुने रानात बुडाले. पुढे १९७३ मध्ये त्या जागी निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले आणि अवशेष कुंपणाआड गेले.

तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी घेऊन भाविक तिथे जमतात. छत नसलेल्या त्या भिंतींमध्ये मिस्साबलिदान अर्पण केले जाते. संत योहानाचा सण खरे तर २४ जूनचा, म्हणजे भर पावसातला. उघड्या आभाळाखालच्या चर्चला तो कसा परवडणार? लोकांनी सोयीचा दिवस निवडला, पण येणे सोडले नाही. वस्ती, चर्च आणि जमीन तिन्ही हातून गेल्यावरही एका समूहाने आपली आठवण अशी राखली आहे.

मुंबईतच याची दुसरी बाजूही दिसते. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ सोळाव्या शतकाच्या अखेरीचे. आज तिथे उभी असलेली वास्तू मात्र चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९७० च्या दशकातली. जुनी इमारत गेली, तिच्या जागी पूर्णपणे आधुनिक इमारत आली. तरी टॅक्सीवाल्यापासून बसथांब्यापर्यंत सर्वांसाठी ते ‘पोर्तुगीज चर्च’च राहिले, कारण तिथली माणसे आणि त्यांची उपासना सुरू राहिली. १८९६ च्या प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांतून उभारलेले छोटे क्रूसही याच वृत्तीची साक्ष देतात. गर्दीचे भय होते आणि मरण दारात होते, तेव्हा लोक गल्लीच्या कोपऱ्यावर क्रूसापुढे उभे राहून प्रार्थना करत. मे महिन्यात अशा अनेक क्रूसांपुढे आजही फुले वाहून प्रार्थना होते.

नागासाकीचा आणि वसईचा संबंध काय?

इमारतीविना श्रद्धा किती काळ तग धरू शकते, याचे टोकाचे उदाहरण जपानमध्ये सापडते आणि तिथेही एक धागा वसईचा आहे. वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक मातेच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर चढवण्यात आलेल्या २६ जणांत ते होते. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद देण्यात आले.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. चर्च पाडली गेली, धर्मगुरू मारले गेले किंवा हद्दपार झाले. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे तिथल्या गावकऱ्यांनी चर्च आणि धर्मगुरू दोन्ही नसताना श्रद्धा जपली. बाप्तिस्मा गावातलीच जबाबदार माणसे देत. प्रार्थना तोंडी एका पिढीकडून दुसरीकडे जात. बौद्ध करुणादेवी कान्नोनच्या मूर्तीत लोक मरियेला पाहत. पुढे परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीत ओउरा येथे त्याच २६ हुतात्म्यांच्या नावाने चर्च बांधण्यात आले. मार्च १८६५ मध्ये उराकामी गावची काही माणसे तिथे आली आणि आपणही याच श्रद्धेचे आहोत, हे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला हलक्या आवाजात सांगितले. वसईच्या सुपुत्राचे स्मरण करणाऱ्या चर्चमध्येच हे गुपित उघड झाले.

पुढे उराकामीच्या लोकांनी स्वतःचे मोठे कॅथेड्रल बांधले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते जमीनदोस्त केले. १९५९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. इमारत आधी नव्हती, मग आली, गेली आणि पुन्हा आली. या सगळ्या काळात टिकली ती घरात शिकवलेली प्रार्थना.

मराठी भाषेने यात काय केले?

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हाताने उतरवला आणि चर्चमध्ये, घरांत गाऊन दाखवला. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरच्या कॅथलिकांना बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले, तिकडची चर्च पाडली. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासात या पुराणाच्या ओव्यांनी लोकांना धीर दिला, असे त्या समाजात सांगितले जाते. पुढे मंगळूरमध्येच १९०७ साली हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. छपाईयंत्र हरले तिथे लोकांच्या पाठांतराने ग्रंथ तारला.

देशावरची कथा वेगळी असली तरी दिशा तीच आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अनेक वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केले. पण पाश्चात्त्य साच्यातली, मिशनच्या पगारावर आणि बंगल्यांवर उभी असलेली मंडळी त्यांना अपुरी वाटू लागली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी ती बंधुसभा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. मात्र त्यांची भजने ‘उपासना संगीत’मधून आजही खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पेटी-टाळांच्या साथीने गायली जातात. ती गायला पत्र्याची शेड पुरते, प्रसंगी झाडाखालची सावलीही.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि टाकलेल्या स्त्रिया यांना आसरा दिला. सामान्य बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले आणि ते छापण्यात तिथल्याच स्त्रियांचे हात होते. केडगावलाही चर्च आहे, पण रमाबाईंचे नाव त्या वास्तूमुळे घेतले जात नाही.

मग जुन्या इमारती सोडून द्यायच्या का?

नाही. श्रद्धा इमारतीविना टिकते, यावरून इमारत निरुपयोगी ठरत नाही. असा निष्कर्ष काढणे हे माणूस भाकरीविना दोन दिवस जगतो म्हणून शेती बंद करा म्हणण्यासारखे होईल.

करोनाकाळाने याचा अनुभव दिला. मार्च २०२० मध्ये राज्यातली प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर अनेक कुटुंबांनी मोबाइलच्या पडद्यासमोर साजरा केला. श्रद्धा थांबली नाही. पण पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दारे पुन्हा उघडली तेव्हा लोक परतले. आजोबांचा बाप्तिस्मा आणि आईबापांचे लग्न जिथे झाले, नुकतेच गेलेले माणूस जिथून दफनभूमीकडे नेले, ती जागा पडद्यावर मिळत नाही. बाकाच्या कोपऱ्यावर कोरलेले नाव, वेदीवरचा ओबडधोबड लाकडी देवदूत, मोगऱ्याच्या हारांचा वास हे सारे लहान मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गाआधीच काही शिकवत असते.

आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास आहेत. इतक्या लहान समाजासाठी गावातले चर्च ही आपण इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहोत असे सांगणारी खूण असते. तिच्यावर संकट आले की लोकांना ते स्वतःवरचे संकट वाटते. या भावनेला नुसते भिंतींचे वेड म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल.

मात्र हीच भावना कधी कधी उलटी फिरते. मंडळाच्या बैठकीत तासभर चर्चा रंगाची, फरशीची आणि नव्या ध्वनिक्षेपकाची होते. आजारी, एकटे राहणारे, काम सुटलेले लोक हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतो. काही ठिकाणी तर वाद इमारतीचाही नसतो, तिच्याखालच्या जमिनीचा असतो. मिशनकाळातल्या मालमत्ता नेमक्या कोणाच्या, यावरून वर्षानुवर्षे खटले चालतात. १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली, पण मालमत्तांचे वाद त्या ऐक्यालाही पुरून उरले. भावाने भावाला कोर्टात खेचल्यावर मनोरा कितीही सरळ उभा असला तरी मंडळी आतून दुभंगते.

दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली, राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके. जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बॉम जेझूस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असूनही तिथे उपासना सुरू आहे. बॉम जेझूसच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून उघडा जांभा पाऊस झेलत आहे. तो पुन्हा लावावा की नाही यावर वाद आहे. हा निर्णय तज्ज्ञांचा आणि खर्च प्रामुख्याने सरकारचा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषदर्शनासाठी दहा वर्षांतून एकदा लोटणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक असतात. वारसा सर्वांचा असेल, तर त्याची जबाबदारीही सर्वांची.

दुसरी, गावोगावची नांदती चर्च. ती कोणत्याही संरक्षित यादीत नसतात आणि लोकांच्या वर्गणीवर चालतात. त्यांना गरज असते ती मोठ्या निधीपेक्षा वेळच्या वेळी निगराणीची. पन्हाळी साफ ठेवणे, भिंतीतले रोप लहान असतानाच काढणे, सिमेंटऐवजी चुना वापरणे, दरवर्षी एकदा जाणकाराकडून तपासणी करून घेणे. दहा वर्षे दुर्लक्ष करून मग जीर्णोद्धाराचा सोहळा करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. त्याबरोबर हिशेब फलकावर लावला, तर वर्गणी देणाऱ्याचा विश्वासही टिकतो.

तिसरी आणि सर्वांत अवघड, उपासक जवळपास उरले नाहीत अशी चर्च. तिथे खोटा अभिमान बाजूला ठेवावा लागेल. शेजारच्या दोन मंडळ्यांनी एक इमारत वाटून घेणे, आठवडाभर रिकाम्या राहणाऱ्या दालनात अभ्यासिका, दवाखाना किंवा ज्येष्ठांचे केंद्र चालवणे, वास्तूचे जतन वारसा संस्थांच्या मदतीने करणे, हे मार्ग खुले आहेत. कॅथलिक धर्मनियमांतही, उपासनेसाठी वापरणे शक्य न राहिलेली वास्तू बिशप इतर सभ्य कामासाठी देऊ शकतात. जमीन विकून मोकळे होण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती याच कारणासाठी. मालमत्ता विश्वस्तांची नसून ज्यांच्यासाठी ती दिली गेली त्यांची असते.

श्रद्धेची डागडुजी कशी होते?

वसई, मरोळ, नागासाकी, मंगळूर, केडगाव या ठिकाणांत एक गोष्ट सारखी आहे. संकट येण्याआधीच तिथल्या लोकांनी श्रद्धा घराघरांत पोहोचवलेली होती. प्रार्थना स्वतःच्या बोलीत होती, म्हणून ती धर्मगुरूशिवाय म्हणता आली. जबाबदारी साध्या माणसांनी उचलली होती, म्हणून वरची व्यवस्था कोसळल्यावर सगळे थांबले नाही. आजच्या मंडळ्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच आहे. उद्या इमारत सहा महिने बंद राहिली, तर किती घरांत प्रार्थना सुरू राहील? मुलांना ती मराठीत, आपल्या बोलीत येते का? गावातल्या एकट्या म्हातारीकडे कोण जाईल?

याचे एक चांगले उदाहरण वसईनेच दिले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर, तिथल्या पाण्यावर आणि जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांविरुद्ध ‘हरित वसई’चे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात अग्रभागी होते आणि सर्व धर्मांचे शेतकरी त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरले. पुढे याच दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणती इमारत बांधली, हे आज कोणी विचारत नाही. विहिरींचे पाणी आणि मराठी भाषा या दोन्हींची राखण आपल्या श्रद्धेचाच भाग मानणारा माणूस म्हणून ते लोकांच्या लक्षात आहेत.

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचे भव्य चर्च धर्मसंघांच्या हकालपट्टीनंतर ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. उरलेला मनोरा आज पर्यटक मान वर करून पाहतात. त्याची मोठी घंटा मात्र तिथे नाही. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चच्या दर्शनी भागावर आहे. मनोरा गेला तरी घंटा वाजते आहे, कारण ती ऐकून येणारी माणसे तिथे आहेत. पावसाळ्याआधी कौले जरूर शाकारावीत. मात्र त्या छपराखाली पुढच्या पिढीतले कोण बसणार आहे, याची विचारपूसही त्याच बैठकीत व्हायला हवी.